वाचकांचे प्रश्न : बर्फासाठी परदेशी जाणारी मुले

फिगर स्केटिंगवर, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून उड्या आणि गिरक्या घेण्याच्या खेळावर, गेल्या अंकात आलेल्या छोट्या टिपणाला नागपुरातून इतकी पत्रे येतील, असे आम्हांला वाटले नव्हते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बर्फ म्हटले की गोळेवाल्याची गाडी आठवते, त्या शहरातल्या काही घरांत मुलाला बर्फावर शिकण्यासाठी सातासमुद्रापार पाठवावे की नाही, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणी चालू आहेत, हे त्या पत्रांवरून समजले. मी स्वतः बर्फावर कधी उभा राहिलेलो नाही. तीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केले आणि घर सोडून खेळासाठी गेलेली बरीच मुले पाहिली, एवढ्या भांडवलावर ही उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून ती चाकांच्या स्केट्सवर आहे. दोन वर्षांपूर्वी तिला गुरुग्रामला बर्फावरच्या शिबिराला नेले आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नाही. आता एका प्रशिक्षकांनी सांगितले आहे की पुढे जायचे असेल तर किमान तीन वर्षांसाठी टोरांटोला पाठवा, आणि लवकर पाठवा. माझ्या यजमानांचे इतवारीत दुकान आहे, मी बँकेत नोकरी करते. मी तिच्यासोबत जावे की तिला तिकडच्या एखाद्या कुटुंबात ठेवावे, हे ठरत नाही. सगळे म्हणतात, मोठे व्हायचे तर त्याग करावाच लागतो. ही मुले नेमके काय सोडतात, ते मला आधी समजून घ्यायचे आहे.
— एक आई, प्रतापनगर

उत्तर : ‘पाठवू की नको’ असे न विचारता ‘ही मुले काय सोडतात’ असे आपण विचारले आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबणार आहे.

परदेशी जाण्याचे पहिले कारण प्रशिक्षक नसून बर्फ हे आहे. आपल्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, पण बुद्धिबळाचा पट नागपूरच्या घरातही मांडता येतो. बॅडमिंटनपटू मालविका बनसोडने सरावासाठी रायपूर गाठले, तरी सणावाराला घरी येता येईल इतकेच ते अंतर आहे. फिगर स्केटिंगला ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी बर्फाची सपाटी लागते, तिचा पृष्ठभाग उणे तीन-चार अंशांच्या आसपास वर्षभर राखावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी वीज व यंत्रणा परवडेल इतके खेळाडू आपल्या देशात आज नाहीत. गुरुग्रामच्या मॉलमधले रिंक, शिमल्यात थंडीपुरते गोठणारे मैदान आणि डेहराडूनला २०११ मध्ये बांधलेले, पुढे वर्षानुवर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेले रिंक, यांच्या भरवशावर रोज दोन वेळचा सराव बसवता येत नाही. मॉलच्या रिंकवर वाढदिवसाला आलेली मुले कठड्याला धरून चालत असतात, आणि उडीच्या आधी जो वेग घ्यावा लागतो तो घ्यायला मोकळी जागा मिळत नाही.

ही अडचण केवळ आपली नाही. दक्षिण कोरियाची किम युना लहानपणी सोलमधल्या सार्वजनिक रिंकवर गर्दी ओसरल्यानंतर, रात्री उशिरा सराव करत असे. पुढे ती टोरांटोला प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे गेली आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये २२८.५६ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम करून तिने सुवर्णपदक घेतले. जपानचा युझुरू हान्यू लहानपणी दम्याने त्रस्त असे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा तो सेंदाई येथे बर्फावर सराव करत होता आणि पायांतले स्केट्स न काढताच त्याला बाहेर पळावे लागले. २०१२ मध्ये, १७ व्या वर्षी, तोही ऑर्सर यांच्याकडे टोरांटोला गेला. (ऑर्सर ज्या क्लबमध्ये शिकवत, त्याच्या नावातला पहिला शब्द ‘क्रिकेट’ आहे, हे वाचून आपल्या यजमानांना कदाचित थोडा धीर येईल.) हान्यूबरोबर त्याची आई गेली, वडील आणि थोरली बहीण जपानमध्येच राहिले. २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याला मिळाली. महाविद्यालयाचे शिक्षण त्याने वासेदा विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतले आणि ते २०२० मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी पूर्ण केले. आईवडिलांनी वर्षानुवर्षे दोन खंडांत राहायचे आणि मुलाने वर्गमित्रांशिवाय पदवी घ्यायची, हा व्यवहार पदक समारंभाच्या छायाचित्रात कुठेच दिसत नाही.

वय याहूनही कमी असते तेव्हा घराची ही फाळणी लवकर होते. कझाकस्तानचा डेनिस तेन साधारण दहाव्या वर्षी आईसोबत अल्माटीहून मॉस्कोला गेला आणि पुढे कॅलिफोर्नियाला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याचे अर्धे आयुष्य घराबाहेर गेले होते. स्पेनचा हावियेर फर्नांडेझ १७ व्या वर्षी माद्रिदहून एकटाच अमेरिकेला गेला. २०१५ आणि २०१६ मध्ये तो जगज्जेता झाला. आणि जपानच्या माओ असादाची गोष्ट प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. डिसेंबर २०११ मध्ये एका मोठ्या स्पर्धेसाठी ती कॅनडातील क्युबेक येथे असताना आईची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला. स्पर्धा सोडून ती परत निघाली, पण ती पोहोचण्याआधीच आई गेली होती. जपान आणि क्युबेक यांच्यामधले अंतर जितके आहे, त्याहून नागपूर आणि टोरांटो यांच्यामधले अधिकच आहे, आणि इथून थेट विमानही नाही.

पैशाबद्दल आपण पत्रात काही लिहिले नाही, पण तो प्रश्न टाळून चालणार नाही. फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ हा आपल्यासारख्याच उष्ण देशातला, दम्याचा त्रास असलेला आणि मॉलच्या रिंकवर शिकलेला मुलगा. त्याच्या प्रशिक्षणासाठी कुटुंबाने घर गहाण ठेवले होते. २०१४ मध्ये ऑलिंपिकला पोहोचलेला तो आग्नेय आशियातला पहिला फिगर स्केटर ठरला आणि तिथे त्याचा १९ वा क्रमांक आला. त्याच्या देशासाठी हे मोठेच यश होते. तरी आपण हे वाक्य दोनदा वाचावे, अशी माझी विनंती आहे : घर गहाण ठेवून, वर्षे देऊन, सगळे मनासारखे जुळून आले, तेव्हा क्रमांक १९ वा होता. एवढ्यावर समाधान मानता येईल का, हे मुलीला विचारण्यापूर्वी आपण दोघांनी एकमेकांना विचारावे.

आता ‘त्याग’ या शब्दाविषयी. जिने एखादी गोष्ट अनुभवली, तिची किंमत जाणली आणि मग समजून-उमजून ती बाजूला ठेवली, तिने त्याग केला असे आपण म्हणतो. १२ वर्षांच्या मुलीने नववी-दहावीतल्या मैत्रिणींचा त्याग केला, असे कसे म्हणावे? त्या मैत्रिणी तिला अजून मिळालेल्याच नाहीत. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन गल्लीभर हिंडण्याचे तिचे दिवस संपत आले असतील, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या बाकावरून केलेली टवाळी, मावशीच्या लग्नातली जागरणे, आजीच्या हातची पुडाची वडी खात काढलेली दुपार, यांतले काय आपण दिले, हे तिला कळेल तेव्हा ती २० वर्षांची झालेली असेल. हे सगळे तिच्या वतीने आपण देत आहात. म्हणून ‘तुला त्याग करावा लागेल’ असे तिला सांगण्याऐवजी ‘आम्ही तुझ्या वतीने हे ठरवत आहोत आणि तू केव्हाही नको म्हणू शकतेस’ असे सांगणे अधिक प्रामाणिक होईल. ‘केव्हाही’ हा शब्द खरा ठरावा, यासाठी तिची इथली शाळा, इथली खोली आणि इथला पैसा यांतले सगळेच पणाला लावू नका.

‘लवकर पाठवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या नियमांप्रमाणे ज्युनियर गटात उतरण्यासाठी हंगामाच्या आधीच्या १ जुलैपर्यंत वयाची १३ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि वरिष्ठ गटासाठी आता १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे आपल्या मुलीपुढे वरिष्ठ गटात उतरायला अजून पाच वर्षे आहेत. प्रशिक्षकांच्या घाईलाही कारण आहे, हे मान्य केले पाहिजे : हवेत तीन फेऱ्या घेण्याच्या उड्या मुली बहुधा शरीर बदलण्याच्या आधी शिकतात, नंतर शिकणे अवघड जाते. पण या दोन गोष्टींच्या मध्ये सहा-आठ आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराला पुरेशी जागा आहे. एका उन्हाळ्यात आपण सोबत जाऊन तिला तिथे ठेवा. पहाटे अंधारात उठून, परक्या भाषेत रागावून घेऊन, शंभरदा पडून संध्याकाळी ती काय बोलते, याकडे लक्ष द्या. ती उड्यांबद्दल बोलते की नागपूरबद्दल, यावरून बरेच समजेल.

राहता राहिला सोबत कोणी जायचे हा प्रश्न. १२-१३ व्या वर्षी मुलीला अनोळखी कुटुंबात एकटी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबत गेलेल्या आयांची उदाहरणे वर आलीच आहेत, पण त्या आयांनी स्वतःचे काय सोडले, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. आपल्याकडे आईने नोकरी सोडणे हे त्यागात धरलेच जात नाही, ते गृहीत धरले जाते. आपण बिनपगारी रजा किती मिळते, परत आल्यावर नोकरी राहते का, हे बँकेत लेखी विचारून घ्या, आणि दुकान काही महिने भावावर किंवा मुनिमावर सोपवून यजमानांना जाता येईल का, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने घरात मांडा. पत्रात तो कुठेच आलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्रश्न : माझ्या वडिलांनी पुण्यात वार लावून शिक्षण घेतले. पाच घरी जेवत, उरलेले दोन दिवस उपाशी राहत. नदीच्या पाण्यात कपडे धूत आणि वर्षातून एकदा घरी येत. त्यांच्या मनाचे काय झाले, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. आजच्या मुलांना परदेशात गरम पाणी आणि गादी मिळते, तरी त्यांच्या कष्टांचे इतके कौतुक का?
— सेवानिवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : आपल्या वडिलांविषयी वाचून मान आदराने झुकली, आणि आपला प्रश्न टोचणारा असला तरी रास्त आहे. घर सोडल्याशिवाय विद्या मिळत नाही, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिने अनेकांचे भले केले आहे. तरीही ही तुलना दोन ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण म्हणजे शरीर. आपल्या वडिलांची उपासमार हे त्यांचे दुर्दैव होते. अभ्यासाला तिचा काही उपयोग नव्हता आणि चांगले दिवस येताच ती संपली. स्केटिंगमध्ये मात्र उपाशी राहण्याचा तात्पुरता फायदा दिसतो, आणि तिथेच धोका आहे. चार फेऱ्यांची उडी मारताना खेळाडूला हवेत जेमतेम ०.७ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात हलके, अरुंद, न वाढलेले शरीर जलद फिरते. नितंब रुंदावले, वजन वाढले की तीच मुलगी तीच उडी चुकू लागते. उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहून अधिक भार येतो. म्हणून काही ठिकाणी मुलींना मोठे होऊच नये असे वाटू लागते आणि जेवण हा शत्रू ठरतो. रशियाची युलिया लिपनित्स्काया २००९ मध्ये आईबरोबर येकातेरिनबर्गहून मॉस्कोला आली. ती सरहद्द ओलांडून गेली नव्हती, पण घर तितकेच दूर होते. सोची येथे २०१४ मध्ये, १५ व्या वर्षी, तिला सांघिक सुवर्णपदक मिळाले, आणि २०१७ मध्ये, १९ व्या वर्षी, तिने खेळ सोडला. अन्न टाळण्याच्या विकारावर आपल्याला उपचार घ्यावे लागले, हे तिने तेव्हा उघडपणे सांगितले. खेळाडूंना ऊर्जा कमी पडल्याने हाडे ठिसूळ होणे, मुलींची पाळी थांबणे, हाडांना बारीक तडे जाणे या लक्षणांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये एकत्रित नाव दिले, इतके हे सर्रास आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची सोय. वारावर जेवणारा मुलगा एखाद्या घरी अपमान झाला तर ते घर सोडून दुसरे शोधू शकत असे. परदेशात गेलेल्या १४ वर्षांच्या मुलीचा प्रशिक्षक, डॉक्टर, आहार, वेळापत्रक आणि कधीकधी राहण्याचे घरही एकाच माणसाच्या हातात असते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या कमिला वालियेवाचा डिसेंबर २०२१ मधला नमुना हृदयविकाराच्या औषधासाठी सदोष निघाल्याचे बाहेर आले, तेव्हा सगळ्या जगाने त्या मुलीला टीव्हीवर पडताना पाहिले. पुढे २०२४ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ती घरच्या देशातच शिकत होती, तरीही तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांपैकी कोणी काय दिले, काय दडवले, याचा हिशेब शेवटी तिच्याच नावावर मांडला गेला. २०२२ च्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने १०० विरुद्ध १६ मतांनी वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचे ठरवले. मला हा निर्णय उशिराचा वाटतो, पण तो झाला हे बरे झाले.

वडिलांना कोणी विचारले नाही, असे आपण लिहिले आहे. त्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, हे आपण शिक्षक म्हणून माझ्यापेक्षा अधिक चांगले जाणता.

प्रश्न : मी बारावीला आहे. माझी धाकटी बहीण स्केटिंगसाठी आईबरोबर जानेवारीत परदेशी जाणार आहे. माझी परीक्षा फेब्रुवारीत आहे. घरात दोन वर्षांपासून फक्त तिच्याच वजनाच्या, तिच्याच बुटांच्या, तिच्याच व्हिसाच्या गोष्टी चालतात. मी काही बोललो तर ‘तू मोठा आहेस, समजून घे’ असे म्हणतात. मला तिचा राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मी स्वार्थी आहे का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही. या अंकासाठी आलेल्या पत्रांत तुझे पत्र मला सर्वांत स्पष्ट वाटले, म्हणून तुला ‘अरे-तुरे’ करून लिहितो.

अशा प्रत्येक खेळाडूच्या मागे बहुधा एक भाऊ किंवा बहीण असते. हान्यू चार वर्षांचा असताना थोरल्या बहिणीच्या मागोमाग बर्फावर गेला होता. २०२२ चा ऑलिंपिक विजेता अमेरिकेचा नेथन चेन पाच भावंडांत धाकटा, आणि त्याने घातलेले पहिले स्केट्स बहिणीचे, पांढऱ्या रंगाचे होते. त्याची आई त्याला शिकवणीसाठी गाडीने सॉल्ट लेक सिटीहून कॅलिफोर्नियाला नेत असे आणि पैसे वाचवण्यासाठी दोघे गाडीतच झोपत. ही गोष्ट आईच्या कष्टांची म्हणून नेहमी सांगितली जाते. त्या रात्री उरलेली भावंडे घरी काय जेवली असतील, असा विचार माझ्या मनात येतो, कारण मी शाळेत त्याच भावंडांचा वर्गशिक्षक असे.

तुझा राग बहिणीवर नाही. तो न विचारता घेतलेल्या निर्णयावर आहे. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नकोस. बहिणीनेही ही तारीख ठरवलेली नाही. एखाद्या रविवारी आई-बाबा दोघांनाही बसवून ठराविक मागणी कर, कारण ‘मला कोणी विचारत नाही’ या वाक्याला ‘समजून घे’ हेच उत्तर मिळते. आईने परीक्षा संपल्यावर निघावे आणि तोवर बहिणीबरोबर बाबांनी जावे, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. तेही जमत नसेल, तर आठवड्यातून दोन वेळा केवळ तुझ्यासाठी फोन ठेवायला सांग, ज्यात स्केटिंगचा विषय काढायचा नाही. हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे तू सकाळी सहाला उठलास की तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि आई मोकळी असते. तुझ्या अभ्यासालाही ती वेळ बरी पडेल. (आई दुसऱ्या शहरी असेल, तर हिशेब तसा बदलून घे.)

आणि हे पान आईला वाचायला दे. माझ्या नावावर खपव.

प्रश्न : परदेशात शिकणाऱ्या मुलाला पुढे त्याच देशाकडून खेळावे लागते का? नागरिकत्व बदलावे लागते का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : शिकण्यासाठी बदलावे लागत नाही. वर आलेले कोरियाचे, जपानचे, स्पेनचे खेळाडू परदेशात शिकून आपापल्याच देशाकडून खेळले. अडचण जोडीच्या प्रकारात येते, कारण जोडीदार कुठल्याही देशात सापडू शकतो, मात्र ऑलिंपिकला दोघेही एकाच देशाचे नागरिक असावे लागतात. जपानची युको कावागुची सेंट पीटर्सबर्गला तमारा मोस्कविना यांच्याकडे शिकायला गेली, रशियन जोडीदाराबरोबर खेळू लागली आणि ऑलिंपिकसाठी २००९ मध्ये तिने रशियाचे नागरिकत्व घेतले. जपान दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने तिला जपानचे नागरिकत्व सोडावे लागले. २०१० मध्ये व्हँकुव्हरला ही जोडी चौथी आली. भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि २००८ पासूनच्या धोरणानुसार भारतीय पारपत्र असलेल्यालाच देशाकडून खेळता येते. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड चालत नाही. अमेरिकेत वाढलेल्या स्केटर तारा प्रसाद यांनी याच कारणाने भारतीय नागरिकत्व घेतले आणि त्या भारताकडून खेळतात. आपल्या घरात हा विषय निघाला असेल, तर मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या पारपत्राचा रंग बदलू नये, एवढेच मी सुचवीन.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त दुबईला होतो, तेव्हा मुलाने तिथल्या मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग सुरू केले. १३ व्या वर्षी त्याला कॅनडात एका कुटुंबाकडे ठेवले. गेल्या वर्षी, १५ व्या वर्षी, तो ‘मला नको’ म्हणून परत आला. आता आम्ही नागपूरला आहोत. तो फारसा बोलत नाही. नववी बुडाली आहे. नातेवाईक तोंडावर म्हणतात की पैसे पाण्यात गेले. त्याचे महागडे बूट माळ्यावर पडून आहेत, ते विकून टाकावेत का?
— एक वडील, मनीषनगर

उत्तर : १५ वर्षांच्या मुलाने, परक्या देशात, आपल्यासाठी एवढा खर्च झाला आहे हे पुरते ठाऊक असताना, फोन उचलून ‘मला नको’ म्हणावे, यासाठी काय बळ लागले असेल, याचा विचार आपल्या नातेवाइकांनी केलेला दिसत नाही. आपण तो केला असेल, अशी आशा आहे. तसे त्याला शब्दांत सांगितले आहे का? आपल्याकडचे वडील बहुधा सांगत नाहीत. मुलाला कळत असेल असे धरून चालतात. मुलाला ते कळत नसते. त्याला दिसतो तो माळा.

अमेरिकेची अलिसा लिऊ २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन, अवघ्या १६ व्या वर्षी निवृत्त झाली. दोन वर्षे तिने स्केटिंगला हात लावला नाही, महाविद्यालयात गेली, डोंगर चढली, आणि २०२४ मध्ये स्वतःच्या मर्जीने परतून २०२५ मध्ये बॉस्टन येथे जगज्जेती झाली. हे उदाहरण मी भीतभीतच देतो आहे, कारण ते वाचून आपण मुलाकडे आशेने पाहू लागाल, आणि ते त्याच्यासाठी नातेवाइकांच्या टोमण्यांहून जड होईल. तो परतेल म्हणून नव्हे, तर थांबणे हा त्या मुलीच्या खेळाचाच भाग होता, एवढ्यासाठी ते दिले आहे.

शिक्षणाचे नुकसान भरून येण्यासारखे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीची परीक्षा देता येते, विषय सोयीने निवडता येतात आणि एकेक विषय करत पुढे जाता येते. नेहमीच्या शाळेत एक वर्ष लहान मुलांबरोबर बसणे त्याला चालणार असेल तर तोही मार्ग आहे, पण ते त्याला विचारून ठरवा. न बोलण्याविषयी मात्र मी अंगावर घेऊन सल्ला देणार नाही. झोप, भूक आणि मित्र या तिन्ही गोष्टी दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ बिघडलेल्या असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तिथे काय घडले, याची खोदून चौकशी घरात करू नका. पण त्या कुटुंबात किंवा रिंकवर कोणी त्याच्याशी वाईट वागले का, एवढा एक प्रश्न, एकदाच, आपण दोघेच असताना, सरळ शब्दांत जरूर विचारा. उत्तर लगेच मिळाले नाही तरी प्रश्न विचारला गेला, हे त्याच्या लक्षात राहील.

बुटांचे म्हणाल, तर वरच्या दर्जाचे बूट तापवून पायाच्या आकारात बसवलेले असतात आणि दुसऱ्याच्या पायाला ते नीट होत नाहीत, त्यामुळे त्यांची किंमत फारशी येणार नाही. वाढत्या वयात त्याचा पायही एव्हाना मोठा झालेला असेल. पाती मात्र स्क्रूने बसवलेली असतात, ती काढून दुसऱ्या बुटांना लावता येतात आणि विकलीही जातात. ती माळ्यावर तशीच राहिली तर नागपूरच्या पावसाळ्यात गंजतील, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून, थोडे तेल लावून, सुती कापडात गुंडाळून ठेवावी लागतील. हे काम आपण करावे की तो करील, आणि नंतर ती ठेवायची की द्यायची, हे त्यालाच विचारा.